ओटीखालचं पिस्तूल

"कासारबाई, फळी समोर आहे. त्या बाभळीनं काय घोडं मारलंय तुमचं?"

हवालदार शिरसाटांनी असं विचारलं आणि रेंजवरचे सगळे पुरुष खो खो हसले. माझ्या अंगावर साडी, हातात नऊ एमएमचं सरकारी पिस्तूल, आणि झाडलेल्या गोळ्यांपैकी जेमतेम दोन फळीला लागलेल्या. बाकीच्या कुठं गेल्या ते त्या बाभळीलाच ठाऊक.

"हसू नका रे," भोसेकरसाहेब म्हणाले. साहेब म्हणजे आमचे फौजदार. फायरिंग शिकवायचं काम त्यांच्याकडं. माणूस तिरसट, पण मनात काळंबेरं नाही. ते माझ्यापाशी आले. "कासार, हात दाखव."

मी पंजा पुढं केला.

"एवढासा हात! पहिलीतल्या पोरीला शोभेल. असल्या हातानं बॉडीगार्ड व्हायला निघालीस?"

"मी कुठं निघाले साहेब? ऑर्डर तुम्हीच काढलीत."

"तोंड मात्र देवानं मापात दिलं नाही," साहेब म्हणाले आणि पिस्तूल माझ्या हातून काढून घेतलं.

ऑर्डर का निघाली ते सांगते. आमचं गाव तालुक्याचं, नदीकाठचं. शकुंतलाबाई ढमाले तेव्हा नगराध्यक्षा होत्या. सगळं गाव त्यांना अक्का म्हणायचं. नदीतून चोरून वाळू उपसणाऱ्यांनी गावाच्या पाण्याची विहीर खचत आणली होती, म्हणून अक्कांनी मागं लागून लागून त्यांच्या बोटी जप्त करवल्या. वाळूवाले चवताळले. आधी अक्कांच्या जीपची काच फुटली. मग फोन आला, "अक्का, यंदा संक्रांतीचं वाण आमच्याकडून."

दर संक्रांतीला अक्का नगरपालिकेच्या मैदानावर मोठं हळदीकुंकू करायच्या. गावोगावच्या बायका लोटायच्या, आणि मांडवात पुरुषाला मज्जाव. मग तो बंदूकवाला पोलीस का असेना! साहेब म्हणाले, अक्का, यंदा रद्द करा. अक्का म्हणाल्या, "चोर मोकळे फिरणार आणि मी दार लावून बसू? बाईमाणूस सोबत देता आलं तर द्या. नाहीतर मी एकटी जाते."

ठाण्यात आम्ही बायका होतो किती? एक बाळंतपणाच्या रजेवर, एक कोर्टाच्या कामाला जुंपलेली. राहता राहिले मी, वैजयंती कासार. भरती झाल्यापासून "हिचे हात बारीक, हिला हत्यार नको" म्हणून मला मुद्देमालाच्या खोलीत बसवलेलं. चोरीच्या सायकली आणि फुटक्या बाटल्या राखत माझी उमेदीची वर्षं चालली होती. म्हणून सांगते, हे काम मला हवं होतं. अगदी जिवापासून हवं होतं. आणि अक्कांना काही झालं असतं तर मी स्वतःला कधी माफ केलं नसतं, तेही खरं.

साहेबांनी पेटीतून एक बुटकं रिव्हॉल्व्हर काढलं. आखूड नळी, हलकं, चकचकीत.

"हे घे. लहान हाताला लहान हत्यार. साडीत लपेल, पर्समध्ये मावेल. बायकांसाठीच केल्यासारखं आहे."

दिसायला होतं खरं गोजिरवाणं. मी धरलं, नेम धरला, चाप ओढला. अगं बाई! गाढवानं लाथ झाडावी तसं ते उसळलं. मूठ इतकी तोकडी की माझ्या करंगळीला टेकायला जागा नाही, ती बिचारी हवेत. चाप इतका कडक की ओढता ओढता नळीच खाली वाकायची. सगळ्या गोळ्या झाडून झाल्या तेव्हा अंगठ्याच्या बुडाशी कातडं लाल झालं होतं. फळी जशीच्या तशी.

"मोठं पिस्तूल जाड होतं, हे हलकं पडतंय," मी म्हणाले.

"नाचता येईना, अंगण वाकडं," शिरसाट म्हणाले.

"अंगण खरंच वाकडं असलं तर नाचणारणीनं काय करायचं, हवालदार?"

शिरसाट म्हणजे अक्कांचे नेहमीचे रक्षक. दाराच्या चौकटीत मावायचे नाहीत एवढा देह, आणि पंजा म्हणाल तर सुपाएवढा. त्यांच्या हातात ते जाड पिस्तूल खेळण्यासारखं दिसायचं. वाईट माणूस नव्हता, पण हात बारीक असणं म्हणजे काय ते त्यांना सात जन्मांत कळलं नसतं.

तेवढ्यात अक्कांची जीप आली. शिरसाटांना घ्यायला आल्या होत्या. मागच्या सीटवर संक्रांतीची खरेदी, पोती आणि पिशव्या. अक्का खाली उतरल्या, पदर खोचला आणि मला न्याहाळत म्हणाल्या, "ही का माझी राखणदारीण?"

"अजून ठरायचंय," साहेब म्हणाले. "पिस्तूल काढून मारायला जमलं तर."

"आणि काढणार कुठून?"

मी पदर बाजूला करून दाखवलं. परकराच्या नाडीवर मी कॅनव्हासचा रुंद पट्टा शिवून घेतला होता. त्याला उजव्या कमरेशी खिसा, वरून पदर ओढून घ्यायचा. माझी मीच काढलेली युक्ती. मला तिचं कौतुक वाटत होतं.

अक्का बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "आणि हिची ओटी भरली म्हणजे?"

कुणालाच काही कळेना.

"अहो साहेब, माझ्या मागनं ही मांडवात फिरणार ना? मग बायका हिची ओटी भरणार नाहीत होय? सवाष्ण समोर आली आणि रिकामी धाडली, असं आपल्यात होतं का कुठं?"

"नको म्हणेल ती."

"ओटीला नको म्हणाली की साऱ्या मांडवाला कळेल ही कोण ते. मग साडी कशाला नेसवलीत? खाकीच घाला."

साहेबांनी टोपी काढून डोकं खाजवलं. मीही मनातून ओशाळले. पुरुषांना नाही सुचलं हे एकवेळ ठीक. पण मी? जन्मभर हळदीकुंकवं केलेली बाई, पट्टा शिवताना माझ्याही ध्यानात आलं नव्हतं. ओटी पदरात घ्यायची म्हणजे दोन्ही हातांनी पदर धरायचा. मग पिस्तूल काय पायानं काढायचं?

"सोपं आहे," साहेब म्हणाले. "वेळ आली की ओटी टाकायची, पिस्तूल काढायचं."

अक्का जीपकडं गेल्या, नारळ, तांदूळ आणि एक खण काढून आणला. मला कुंकू लावलं आणि तिथंच, गोळ्यांच्या रिकाम्या पुंगळ्या पडलेल्या त्या माळावर, माझी ओटी भरली. साहेबांनी जाड पिस्तूल माझ्या पट्ट्यात दिलं आणि शिटी तोंडात धरली.

शिटी वाजली. उजवा हात पिस्तुलावर गेला. पण ते जाड धूड एका हातात कुठलं पेलायला? चापापर्यंत बोट न्यायचं तर मूठ फिरवावी लागायची, आणि मूठ फिरली की डावा हात टेकू द्यायला हवाच. आणि डावा हात, तुम्हाला सांगते, ओटी सोडेना! डोकं म्हणत होतं टाक, हात म्हणत होता ओटी आहे.

"टाक ती!" साहेब ओरडले.

परत शिटी. परत तेच. हात पदराला घट्ट, नारळ पोटाशी.

"अगं टाक की! डिंक लावलाय का?"

"पडत नाही साहेब. मुद्दाम नाही करत मी. हातच उघडत नाही."

"हात उघडत नाही म्हणजे काय?"

"साहेब," अक्का शांतपणे म्हणाल्या, "तुमच्या आईनं कधी ओटी खाली टाकलेली पाहिलीत का?"

साहेबांनी शिटी खिशात टाकली. शिरसाटसुद्धा जमिनीकडं पाहायला लागले. पण कायदा तो कायदा. शेवटी साहेब म्हणाले, "उद्या सकाळी शेवटची परीक्षा. ओटीसकट. जमलं तर ड्यूटी तुझी. नाहीतर नाव कापतो, जा परत तुझ्या मुद्देमालाकडं."

जीपमध्ये चढताना अक्कांनी मला जवळ बोलावलं. "पोरी, जिवाला लावून घेऊ नको. नाही जमलं तर मी एकटी जाईन. पण जाईन हां."

धीर द्यायला म्हणाल्या त्या, पण माझी काळजी वाढली. ही बाई खरंच एकटी जाणार होती. गर्दीत कुणाच्या पदराखाली काय असेल, कुणाला माहीत?

घरी जायचं सोडून मी ठाण्यात आले. साहेबांच्या खोलीबाहेर उभी राहिले आणि विचार करत राहिले. डावा हात ओटी सोडत नाही. बरं, नाही सोडत तर नाही सोडत! पिढ्यान्‌पिढ्यांची सवय एका रात्रीत मोडायची नाही. मग त्याला धरू दे ओटी. सगळं काम एकट्या उजव्याला करू दे. म्हणजे प्रश्न एवढाच उरला की एकट्या उजव्याला कोणतं हत्यार बसतं.

आणि बसतं म्हणजे काय, हे मला कुणी शिकवायला नको होतं. मी कासाराची लेक. बांगड्यांच्या दुकानात वाढलेली. बारीक हाताला बारीक बांगडी असं गिऱ्हाईक म्हणतं, कासार म्हणत नाही. कासार आधी हात हातात घेतो, दाबून बघतो. अंगठ्याच्या बुडाचं हाड किती पुढं आलंय, पंजा किती मिटतो, माप तिथं असतं. दिसायला नाजूक बायकांना मोठी बांगडी लागते आणि थोराड बायकांना लहान चढते, हे मी हजारदा पाहिलेलं. आणि इथं आज दिवसभर मला जे दिलं ते मी मुकाट घेत होते. पदरी पडलं पवित्र झालं! एकदा तरी हात दाबून बघितला होता का कुणी?

मी दार लोटून आत गेले.

"साहेब, शस्त्रागारातली सगळी पिस्तुलं मला बघायची आहेत."

"काय बांगड्यांचं दुकान वाटलं का ते?"

"हो," मी म्हणाले.

साहेबांनी चष्म्यावरून बघितलं. मला वाटलं आता हाकलतात. पण ते उठले, किल्ल्या घेतल्या आणि पुढं चालायला लागले.

टेबलावर कापड पसरून साहेबांनी हत्यारं मांडली. एकेक रिकामं असल्याची त्यांनी खात्री केली, मग मी केली. मग एकेक उजव्या हातात घेऊन डोळे मिटायची. अंगठा आणि पहिलं बोट यांच्या बेचक्यात पाठ नीट बसली का? चारी बोटांना जागा आहे का, का करंगळी उपाशी? आणि मूठ न फिरवता बोटाचं पेर चापावर टेकतंय का? एक ठेवलं, दुसरं घेतलं. जाड ठेवलं. बुटकं ठेवलं. साहेब तोवर जांभया देत होते.

मग एक जुनं पिस्तूल हातात आलं. कोपऱ्यातलं, कुणी न वापरलेलं. यात गोळ्या दोन रांगांत बसत नाहीत, एकाच रांगेत बसतात. त्यामुळं मूठ सडपातळ, पण पुरती लांब. वजनही होतं बेताचं. मी डोळे मिटले आणि माझा हात त्याच्याभोवती मिटला. असा मिटला की मध्ये वारा शिरायला जागा नाही. बोट आपसूक चापावर गेलं. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं एकदम. हात लहान नव्हता माझा! माझ्या मापाचं मला कधी मिळालंच नव्हतं.

"हे," मी म्हणाले.

"हे?" साहेब म्हणाले. "अगं यात गोळ्या कमी मावतात."

"मघाशी जास्त मावत होत्या साहेब. सगळ्या बाभळीला गेल्या."

"आणि रिव्हॉल्व्हरपेक्षा लांब आहे. साडीतून दिसेल."

"लांबी साडीत दिसत नाही. निऱ्यांच्या कडेनं सरळ खाली जाते. दिसते ती जाडी. फुगवटा आला की बायकांना लगेच कळतं. बायकांची नजर तुम्हाला माहीत नाही."

साहेबांनी पिस्तूल हातात घेतलं. त्यांच्या पंजात ते पार बुडून गेलं. "माझ्या हाताला हे नाही जमायचं," ते स्वतःशीच म्हणाले.

"मग कोणी तुमच्या हाताला नावं ठेवतं का?"

साहेब पहिल्यांदा हसले. "तेल घाल त्याला," म्हणाले आणि गोळ्या मोजून द्यायला बसले.

सकाळी रेंजवर सगळे जमले होते. बातमी फुटली होती ना, तमाशा बघायला कोण येणार नाही? शिरसाट सगळ्यात पुढं. अक्का आल्या, मुकाट्यानं माझ्या कपाळाला कुंकू लावलं आणि ओटी भरली. आज नारळ जरा मोठाच आणला होता. मी पदराची झोळी गोळा करून डाव्या हातात धरली, पोटाशी घेतली. मनात म्हटलं, वैजे, आज चुकलीस तर परत सायकली मोज.

शिटी वाजली.

डावा हात हललाही नाही. उजवा झोळीखालून कमरेशी गेला, मूठ बेचक्यात बसली, पिस्तूल वर आलं. नळी फळीवर आली आणि मी चाप ओढला. धक्का आला तो सरळ मनगटातून कोपरात गेला, पिस्तूल जागच्या जागी. परत ओढला. परत. पदरातून चार दाणे सांडले, तेवढेच.

साहेब चालत फळीपर्यंत गेले. प्रत्येक भोकात बोट घालून बघितलं. तिथूनच ओरडले, "पुन्हा!"

पुन्हा शिटी, पुन्हा ओटी, पुन्हा फळी. मग चालता चालता. मग पाठ करून उभं राहून, वळून. मला तर आता थांबूच नये असं वाटत होतं. प्रत्येक गोळी गेली की अंगावर मूठभर मांस चढायचं. शेवटी साहेबांनी फळीच उपटून खांद्यावर टाकली आणि घेऊन आले. मधोमध भोकांची गर्दी झाली होती.

"शिरसाट," साहेब म्हणाले, "तुम्ही एका हातानं मारून दाखवता का?"

"कशाला साहेब," शिरसाट म्हणाले, "सकाळी सकाळी अब्रू काढता." मग माझ्याकडं वळून, सगळ्यांसमोर, त्यांनी खाडकन सॅल्यूट ठोकला. हवालदारानं शिपायाला! माझ्या एका हातात पिस्तूल, दुसऱ्यात ओटी, मी उलट सॅल्यूट करणार कशी? मी नुसती हसले. अक्का तर टाळ्या वाजवत होत्या, एखाद्या पोरीसारख्या.

संक्रांतीला मी काळी चंद्रकळा नेसले. मांडवाच्या दाराशी रंगीत कनात, आत बायकांचा समुद्र. शिरसाट दारात थांबले. अक्कांच्या चपला त्यांच्या पायाशी, अक्कांची शाल त्यांच्या हातात. भोसेकरसाहेब साध्या वेशात रस्त्यापलीकडं. सगळे वाघ बाहेर, आणि मी अक्कांच्या मागून आत गेले.

त्या संध्याकाळी मांडवात काही वावगं झालं नाही. अक्का प्रत्येकीपाशी थांबल्या, प्रत्येकीला तिळगूळ दिला, आणि मी प्रत्येकीचे हात बघत होते. कनातीमागं घुटमळणारे वाळूवाल्यांचे दोघे साहेबांनी बाहेरच उचलले, ते मला नंतर कळलं. पण ते आत आले असते तरी मी तिथं होते. त्या दिवसानंतर कुणी मला मुद्देमालाच्या खोलीत पाठवायचं नाव काढलं नाही. आज मी स्वतः मुलींना फायरिंग शिकवते आणि कुणाच्या हातात हत्यार देण्याआधी तिचा हात हातात घेते.

पण त्या संध्याकाळचं खरं सांगायचं राहिलंच. मांडवात ओट्या भरणं चाललं होतं. खालच्या मळ्यातली एक म्हातारी सवाष्ण अक्कांची ओटी भरून माझ्यापुढं आली. मी डाव्या हातानं पदर पुढं केला. म्हातारीचा नारळ हातातच राहिला.

"एका हातानं ओटी घेते का गं कुणी? कुणी वळण लावलं तुला? दुसरा हात काढ की बाहेर."

आजूबाजूच्या बायका माना वळवून बघायला लागल्या. माझा उजवा हात पदराखाली होता आणि तो काही केल्या बाहेर येणार नव्हता.

अक्का मागं वळल्या. म्हातारीच्या खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाल्या, "असू द्या काकू. तिचा उजवा हात आजच्या दिवस मी मागून घेतलाय. माझ्या जिवासाठी."

म्हातारीनं माझ्याकडं पाहिलं, माझ्या पदराकडं पाहिलं. तिला काय उमगायचं ते उमगलं. नारळ तिनं माझ्या डाव्या हातावर नीट बसवला, खण ठेवला, तांदूळ घातले. कपाळाला कुंकू लावलं. मग तेच कुंकवाचं बोट पदराखाली घालून, दसऱ्याला हत्याराला लावतात तसं, तिनं माझ्या उजव्या मनगटाला टेकवलं.